दहा सेकंदांचा लोगो : ब्रिटनच्या व्हिडिओ कॅसेटवर सिनेमाआधी काय दिसायचं आणि ते आता कुठे गायब होतंय?

नेटफ्लिक्स सुरू केलं की काळ्या स्क्रीनवर लाल अक्षर येतं आणि 'टु-डुम' असा आवाज होतो. जेमतेम चार सेकंदांचा खेळ. पण शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही कळतं, की घरात कुणीतरी वेब सिरीज लावली आहे!

मंडळी, ही युक्ती नेटफ्लिक्सची नाही. साधारण चाळीस वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या घराघरांत हेच चालायचं. फरक एवढाच की तेव्हा रिमोटचं बटण दाबण्याआधी जाडजूड कॅसेट मशीनमध्ये ढकलावी लागायची. 'खटॅक' असा आवाज, मग स्क्रीनवर मुंग्या, मग एक काळी चौकट आणि त्यातून गोल फिरत, चमकत येणारं कंपनीचं नाव. मागे सिंथेसायझरची पाच-सात सुरांची धून. सिनेमा त्यानंतर.

हे हलते लोगो बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आज अस्तित्वात नाहीत. काही विकल्या गेल्या, काही दिवाळखोरीत गेल्या. त्यांचे लोगो मात्र अजूनही हजारो लोकांच्या डोक्यात बसलेत. आणि गंमत म्हणजे ते जपून ठेवण्याची जबाबदारी कायद्याने कुणावरच नाही. हे सगळं प्रकरण काय आहे, ते नीट समजून घेऊया.

होम व्हिडिओ कंपनी म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करूया. सिनेमा बनवणारी कंपनी वेगळी आणि त्याची कॅसेट काढणारी कंपनी वेगळी. एखाद्या स्टुडिओने सिनेमा बनवला, की त्याचे 'घरी बघण्याचे' हक्क दुसरी कंपनी विकत घ्यायची. ही दुसरी कंपनी कॅसेटच्या प्रती काढायची, खोका छापायची, दुकानांपर्यंत माल पोहोचवायची. तिला म्हणायचं होम व्हिडिओ कंपनी.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणलं. १९७० चं दशक संपता संपता ते ब्रिटनमध्ये पोहोचलं आणि १९८० च्या सुरुवातीला तिथे अशा कंपन्यांचं पीक आलं. थॉर्न ईएमआय व्हिडिओ, गिल्ड होम व्हिडिओ, पॅलेस व्हिडिओ, पुढे व्हिडिओ कलेक्शन, चॅनल ५ व्हिडिओ. खुद्द बीबीसीनेही 'बीबीसी व्हिडिओ' नावाने स्वतःचं दुकान मांडलं. (यातल्या चॅनल ५ व्हिडिओचा आणि १९९७ मध्ये सुरू झालेल्या चॅनल ५ या टीव्ही वाहिनीचा संबंध नाही. कॅसेटवाले आधीचे!)

तेव्हा कॅसेट किती महाग होती? 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेची पहिली व्हीएचएस कॅसेट बीबीसीने १९८३ मध्ये आणली, तिची किंमत होती ३९.९५ पौंड. एका कॅसेटला चाळीस पौंड! साहजिकच लोक कॅसेट विकत घ्यायचे नाहीत, भाड्याने आणायचे. आपल्याकडे गल्लीत जशी व्हिडिओ लायब्ररी असायची, तशीच तिकडेही कोपऱ्यावरच्या दुकानात कॅसेटची मांडणी असायची.

लंडनच्या साउथॉलसारख्या भागात तर भारतीय कुटुंबांनी व्हीसीआर फार लवकर आपलासा केला. तिथल्या टीव्हीवर हिंदी सिनेमा क्वचितच लागायचा. मग शनिवार-रविवारी कॅसेट भाड्याने आणून सगळं घर एकत्र बसायचं. मेरी गिलेस्पी या अभ्यासक बाईंनी साउथॉलच्या या टीव्ही-व्हिडिओ संस्कृतीवर पुस्तकच लिहिलं, ते १९९५ मध्ये आलं.

पण लोगो हलता कशाला हवा?

कंपनीचं नाव खोक्यावर छापलेलं असायचंच. मग स्क्रीनवर वेगळा तमाशा कशासाठी? याची कारणं अगदी व्यवहारी आहेत.

पहिलं कारण, विश्वास. त्या काळात चोरट्या कॅसेटचा सुळसुळाट होता. थिएटरात कॅमेरा लपवून केलेल्या किंवा कॅसेटवरून कॅसेट उतरवलेल्या प्रती सर्रास मिळायच्या. अशा वेळी सुरुवातीला नीटनेटका, आवाजासकट हलणारा लोगो दिसला, की गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माल कंपनीचा आहे.

दुसरं कारण, भारदस्तपणा. सिनेमागृहात सिंह डरकाळी फोडतो, कुणीतरी घंटा वाजवतं, डोंगराभोवती तारे फिरतात. नव्या व्हिडिओ कंपनीकडे यातलं काही नव्हतं. दहा सेकंदांचा चकचकीत लोगो बनवला, की एखाद्या छोट्या ऑफिसातून चालणारी कंपनीही मोठी वाटायची.

तिसरं कारण थोडं तांत्रिक आहे. कॅसेट सुरू झाली की पहिले काही क्षण चित्र थरथरायचं, आडव्या रेघा यायच्या. मग कुणीतरी उठून 'ट्रॅकिंग'ची चकती फिरवायची, आवाज कमी-जास्त करायचा. हे सगळं सिनेमा सुरू होण्याआधी उरकायला हवं. कॉपीराइटची सूचना, लोगो आणि पुढच्या सिनेमांच्या जाहिराती चालू असताना ते आपोआप उरकलं जायचं.

कॉम्प्युटर नसताना हे बनवायचे कसे?

आज मोबाइलवर दोन मिनिटांत फिरती अक्षरं बनतात. तेव्हा दहा सेकंदांसाठी दिवसच्या दिवस जायचे.

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे फिल्म कॅमेऱ्याची. काळ्या कागदात अक्षरांच्या आकाराची खाच पाडायची, मागून दिवा लावायचा आणि वरून टांगलेल्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपत जायचं. मग तीच फिल्म मागे गुंडाळून दुसऱ्या रंगाच्या काचेतून पुन्हा टिपायची. फिल्मवर जिथे प्रकाश पडला नाही तो भाग कोराच राहतो, त्यामुळे त्यावर नंतर दुसरं काहीही चढवता येतं. त्या काळातल्या इतक्या लोगोंच्या मागे काळी पार्श्वभूमी का असायची, याचं एक उत्तर इथे मिळतं. रहस्य वाढवण्यासाठी काळा रंग निवडला असेल असं आपल्याला वाटतं, पण कामाची सोयही त्यातच होती.

याच पद्धतीचा एक पुढचा प्रकार म्हणजे स्लिट-स्कॅन. यात कॅमेरा आणि चित्र यांच्यामध्ये एक बारीक फट ठेवतात आणि चौकट टिपली जात असतानाच कॅमेरा हलवतात. त्यामुळे प्रकाशाचे लांबलचक पट्टे तयार होतात आणि आपण एखाद्या बोगद्यातून वेगाने चाललोय असा भास होतो. '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या सिनेमातला गाजलेला प्रवास असाच बनला. बर्नार्ड लॉज यांनी १९७० च्या दशकात 'डॉक्टर हू'च्या सुरुवातीसाठी हीच पद्धत वापरली.

मग आलं स्कॅनिमेट. हे अमेरिकेत बनलेलं अॅनालॉग यंत्र, म्हणजे आजच्यासारखा आकडेमोड करणारा कॉम्प्युटर नव्हे. नुसती बटणं आणि तारा. चालवणारा माणूस बटणं फिरवायचा आणि समोर अक्षरं ताणायची, वळायची, लाटांसारखी हलायची. जगभरात अशी मोजकीच यंत्रं होती. १९७० च्या दशकातल्या टीव्हीवरची ती झळाळती, रबरासारखी ताणली जाणारी अक्षरं बऱ्याचदा याच यंत्राची करामत असायची.

ब्रिटनने स्वतः या क्षेत्राला दिलेली देणगी म्हणजे क्वांटेल पेंटबॉक्स. इंग्लंडमधल्या न्यूबरी गावच्या क्वांटेल कंपनीने १९८१ मध्ये ते आणलं. कलाकार हातात पेन घेऊन पाटीवर चित्र काढायचा आणि ते थेट टीव्हीच्या स्क्रीनवर उमटायचं. डायर स्ट्रेट्स या बँडचा १९८५ चा 'मनी फॉर नथिंग' हा व्हिडिओ आठवतो? त्यातली ठोकळ्यांची माणसं लंडनच्या एका स्टुडिओत बॉशच्या कॉम्प्युटरवर बनली, पण गाणाऱ्या बँडच्या अंगावर फासलेले ते भडक रंग पेंटबॉक्सचे.

एका '४' आकड्याने सगळ्यांची झोप उडवली

या सगळ्यात एक तारीख महत्त्वाची आहे. २ नोव्हेंबर १९८२. त्या दिवशी ब्रिटनमध्ये चॅनल ४ ही नवी वाहिनी सुरू झाली. तिच्या लोगोत रंगीबेरंगी ठोकळे हवेत तरंगत यायचे आणि जुळून '४' हा आकडा तयार व्हायचा. डिझायनर होते मार्टिन लॅम्बी-नेर्न.

हा लोगो कॉम्प्युटरवर बनवायचं ठरलं, पण तेव्हा हे काम ब्रिटनमध्ये करून मिळेना. शेवटी लॉस एंजेलिसमधल्या बो गेरिंग यांच्या कंपनीकडून ते करून घेतलं. सोबत डेव्हिड डंडास यांनी चार सुरांची धून बसवली. चॅनल ४, म्हणून सूरही चार!

चॅनल ४ ही काही कॅसेट कंपनी नव्हती. पण या लोगोनंतर लोकांची नजरच बदलली. नुसती सरळ उभी अक्षरं जुनाट वाटायला लागली. लोगो तुकड्यातुकड्यांनी आला पाहिजे, फिरला पाहिजे, शेवटी एका सुरावर येऊन थांबला पाहिजे, असं जणू ठरूनच गेलं. १९८० च्या दशकातले व्हिडिओ कंपन्यांचे लोगो एकापाठोपाठ एक पाहिले तर हाच साचा पुन्हा पुन्हा दिसतो : अंधार, फिरत येणारा आकार, धातूसारखी चकाकी आणि शेवटचा 'ढॅण'!

यात कॅसेटच्या मर्यादाही होत्या. ब्रिटनमधल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ६२५ रेषा असायच्या, पण व्हीएचएस कॅसेटवर चित्राचा बारीकपणा जेमतेम २४० रेषांएवढाच उतरायचा. रंगांचं तर त्याहून वाईट. लाल रंग शेजारी ओघळल्यासारखा दिसायचा. त्यामुळे नाजूक, बारीक अक्षरं कॅसेटवर वाचताच यायची नाहीत. ठसठशीत, जाड अक्षरं ही आवडीनिवडीची गोष्ट होतीच, पण गरजही होती.

आणि मग 'व्हिडिओ नॅस्टीज'चं वादळ आलं

सुरुवातीच्या काळात ब्रिटनमध्ये थिएटरच्या सिनेमाला सेन्सॉर होता, पण कॅसेटला तसं काही बंधन नव्हतं. याचा फायदा घेत छोट्या कंपन्यांनी स्वस्तातले रक्तरंजित भयपट कॅसेटवर आणले. खोक्यांवर भयानक चित्रं असायची आणि ती दुकानात मुलांच्याही नजरेला पडायची. वर्तमानपत्रांनी या सिनेमांना नाव दिलं 'व्हिडिओ नॅस्टीज'. मेरी व्हाइटहाउस या बाईंनी त्याविरुद्ध मोठी मोहीम उघडली. पोलिसांनी दुकानांवर छापे घालायला सुरुवात केली. सरकारी वकिलांच्या खात्याने आक्षेपार्ह सिनेमांची यादी बनवली, त्यात वेगवेगळ्या वेळी मिळून ७२ सिनेमे होते.

यात सापडली पॅलेस व्हिडिओ. निक पॉवेल आणि स्टीफन वूली या दोघांची ही कंपनी. त्यांनी १९८३ मध्ये 'द ईव्हिल डेड' हा सॅम रायमीचा सिनेमा ब्रिटनमध्ये आणला. कॅसेट तुफान चालली आणि तेवढीच बदनामही झाली. प्रकरण कोर्टात गेलं. पॉवेल निर्दोष सुटले.

पण तोवर संसदेने 'व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अॅक्ट १९८४' हा कायदा केला होता. आता जवळपास प्रत्येक कॅसेटला बीबीएफसी या संस्थेचं वयोगटाचं प्रमाणपत्र लागणार होतं. प्रमाणपत्र मिळवायला पैसे लागायचे. छोट्या कंपन्यांना ते झेपेना. कित्येक कंपन्या तिथेच संपल्या, आणि त्यांच्यासोबत त्यांचे लोगोही.

या कायद्याचा एक भन्नाट किस्सा आहे. २००९ मध्ये लक्षात आलं, की १९८४ चा हा कायदा युरोपीय आयोगाला कळवायचाच राहून गेला होता! म्हणजे पंचवीस वर्षं जो कायदा दाखवून लोकांवर खटले भरले, तो तांत्रिकदृष्ट्या लागूच करता येत नव्हता. घाईघाईने २०१० मध्ये तोच कायदा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला.

या वादळानंतर कॅसेटच्या सुरुवातीचा भाग लांबत गेला. कॉपीराइटची सूचना, वयोगटाची पाटी, मग लोगो. १९८९ मध्ये व्हिडिओ स्टँडर्ड्स कौन्सिल ही संस्था स्थापन झाली. रेडिओवरचे प्रसिद्ध निवेदक सायमन बेट्स कॅसेटच्या सुरुवातीला येऊन गंभीर चेहऱ्याने सांगायचे, की या सिनेमाला अमुक वयाचं प्रमाणपत्र आहे आणि त्यात शिव्या किंवा हिंसा असू शकते. ब्रिटनमध्ये त्या वयाच्या कुणालाही सायमन बेट्स म्हटलं की आधी ही सूचनाच आठवते.

लोगो लक्षात का राहिले? उत्तर आहे वूलवर्थ्स

भाड्याची कॅसेट एक-दोन दिवसांत परत जायची. ती पुन्हा पुन्हा बघणार कशी? मग लोकांना लोगो पाठ कसे झाले?

इथे येते व्हिडिओ कलेक्शन, जी पुढे व्हीसीआय नावाने ओळखली गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यात या कंपनीने वेगळाच डाव टाकला. कॅसेट भाड्याने कशाला, थेट स्वस्तात विकूया! दुकान निवडलं वूलवर्थ्स. ब्रिटनमध्ये प्रत्येक गावाच्या बाजारपेठेत वूलवर्थ्सचं दुकान असायचंच. गोळ्या-बिस्किटं, खेळणी, भांडी आणि आता त्याच्या शेजारी सात-आठ पौंडांची कॅसेट. आईबरोबर बाजारात गेलेलं मूल 'थॉमस द टँक इंजिन'ची कॅसेट बघून हट्ट धरणार आणि आई ती घेऊन देणार.

कॅसेट स्वतःच्या मालकीची झाल्यावर मुलांनी काय केलं असेल? तीच कॅसेट दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने बघितली. मोठी माणसं लोगो पळवून पुढे नेतात. लहान मुलं तसं करत नाहीत. त्यांना सगळं पहिल्यापासूनच हवं असतं. त्यामुळे थॉमसच्या गोष्टीइतकाच तिच्याआधीचा लोगोही त्यांना पाठ झाला. त्यांच्या दृष्टीने तो गोष्टीचाच भाग होता.

काहींना तर तो लोगो भीतीदायक वाटायचा. अंधारातून अचानक येणारी अक्षरं आणि मोठ्ठा आवाज! हे फक्त ब्रिटनमध्येच घडलं असं नाही. अमेरिकेत स्क्रीन जेम्स कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या लोगोने इतकी मुलं घाबरली होती, की रॉडनी अॅशर या दिग्दर्शकाने त्यावर २०१० मध्ये 'द एस फ्रॉम हेल' नावाचा लघुपट बनवला. लहान मुलाला आपण कुठल्या कंपनीचा माल बघतोय याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला दिसतो फक्त अंधार आणि त्यातून आपल्या दिशेने येणारी एक वस्तू.

कंपन्या गेल्या कुठे?

पॅलेस १९९२ मध्ये कोसळली. दैव बघा, त्याच वर्षी त्यांनी निर्माण केलेला 'द क्राइंग गेम' प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. पण तोवर कंपनीच उरली नव्हती.

बीबीसी व्हिडिओ जास्त टिकली. १९९७ मध्ये बीबीसीने आपला लोगो बदलला. आधी अक्षरांचे चौकोन तिरके होते आणि त्यांच्याखाली तीन रंगांच्या रेघा होत्या. नव्या लोगोत चौकोन सरळ झाले, रेघा गेल्या. कारण? तिरक्या कडा स्क्रीनवर दातेरी दिसायच्या आणि रंगीत छपाई महाग पडायची. डिझायनर पुन्हा तेच, चॅनल ४ वाले लॅम्बी-नेर्न. हा बदल झाला आणि ब्रिटनमधल्या कपाटांमध्ये एक गंमत घडली. एकाच मालिकेच्या कॅसेट ओळीने लावल्या, की अर्ध्या कण्यांवर तिरकी बीबीसी आणि अर्ध्यांवर सरळ!

२००४ मध्ये बीबीसी वर्ल्डवाइड आणि वूलवर्थ्स समूह यांनी मिळून 'टू एंटरटेन' ही कंपनी काढली. बीबीसीचा वाटा ६० टक्के, वूलवर्थ्सचा ४० टक्के. व्हीसीआय तेव्हा वूलवर्थ्सच्या मालकीची होती, ती यात विरघळून गेली. मग आली २००८ ची आर्थिक मंदी. नोव्हेंबरमध्ये वूलवर्थ्स बुडालं आणि ६ जानेवारी २००९ ला शेवटची दुकानं बंद झाली. आठशेहून जास्त दुकानं होती. वूलवर्थ्सकडचा हिस्सा २०१० मध्ये बीबीसी वर्ल्डवाइडने घेतला.

म्हणजे ज्या दुकानाने कॅसेट घरोघरी पोहोचवली ते दुकान गेलं आणि जी कंपनी तिथे कॅसेट विकत होती तीही गेली. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी. तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

मग आता अडचण काय आहे?

सिनेमे सुरक्षित आहेत. 'द ईव्हिल डेड' आज ब्लू-रेवर, स्ट्रीमिंगवर मिळतो. थॉमसही मिळतो. पण त्याच्याआधीचा लोगो?

सिनेमाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले, की ती कंपनी सगळ्यात आधी जुना लोगो काढून टाकते आणि आपला लावते. लोगो जमवणाऱ्या हौशी लोकांनी याला नाव दिलंय 'प्लास्टरिंग', म्हणजे जुन्या भिंतीवर नवा गिलावा. कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, बुडालेल्या कंपनीची फुकट जाहिरात कोण करेल? पण त्यामुळे जुना लोगो फक्त जुन्या कॅसेटवरच उरतो.

बरं, सरकारी ग्रंथालयात एखादी प्रत असेल ना? ब्रिटनमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यावी लागते. हा कायदा २००३ मध्ये नव्याने केला गेला, तेव्हा डिजिटल साहित्यासाठीही दार उघडलं. पण त्यातून निव्वळ चित्रपट आणि ध्वनिमुद्रण वगळलं आहे. म्हणजे कॅसेटची प्रत कुठे जमा करायची सक्तीच नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लॉटरीच्या निधीतून सुमारे एक लाख जुने टीव्ही कार्यक्रम टेपवरून डिजिटल करण्याचं मोठं काम हाती घेतलं. पण ते काम कार्यक्रमांसाठी आहे, दुकानातल्या कॅसेटच्या पहिल्या दहा सेकंदांसाठी नाही.

आणि टेप तर झिजतेच. चुंबकीय पट्टीवरचा थर सुटतो, दमट हवेत बुरशी धरते, सिग्नल क्षीण होतो. युनेस्को आणि आयएएसए या संस्थांनी २०१९ मध्ये जगभरातल्या संग्रहांना इशाराच दिला होता, की टेप वाजवणारी चालू यंत्रं दुर्मीळ होत चालली आहेत, त्यामुळे २०२५ च्या आसपास नियमित डिजिटायझेशन जवळपास अशक्य होईल.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट आता ऐका. कॅसेटचा सर्वांत जास्त झिजणारा भाग कुठला? सुरुवातीचा. मशीन पट्टी बाहेर ओढतं तेव्हा, गुंडाळताना, अडकताना सगळ्यात जास्त मार तिलाच बसतो. आणि लोगो नेमका तिथेच असतो! सिनेमाचं मधलं दृश्य स्वच्छ दिसतं आणि लोगोवर मात्र सुरकुत्या. कित्येक लोक कॅसेट डिजिटल करतानाही 'हे सुरुवातीचं नको' म्हणून तो भाग कापून टाकतात.

दहा सेकंद गेले तर काय बिघडलं?

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर खुद्द बीबीसीच्या इतिहासात सापडतं.

१९६० आणि ७० च्या दशकात बीबीसीने आपल्या कितीतरी जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, काही फिल्म फेकून दिल्या. तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. टेप महाग होती आणि जुना कार्यक्रम पुन्हा कोण बघणार? 'डॉक्टर हू'चे नव्वदहून जास्त भाग त्यामुळे आजही सापडलेले नाहीत. १९८३ मध्ये पहिली कॅसेट काढताना चाहत्यांना विचारलं, तर त्यांनी 'टूम ऑफ द सायबरमेन' ही १९६७ ची गोष्ट मागितली. ती बीबीसीकडे नव्हतीच! म्हणून सायबरमेनचीच दुसरी गोष्ट द्यावी लागली. हरवलेल्या गोष्टीच्या फिल्म पुढे हाँगकाँगमध्ये सापडल्या आणि १९९२ मध्ये तिची कॅसेट निघाली, तेव्हा ती ब्रिटनमध्ये धडाक्यात विकली गेली.

काय जपावं आणि काय नको, हे त्या त्या वेळी कुणालाच नेमकं कळत नाही. आज लोगो किरकोळ वाटतो. पण एका काळात तंत्रज्ञान कुठवर आलं होतं, कंपन्यांना लोकांपुढे कसं दिसायचं होतं, मुलं काय बघत मोठी झाली, हे त्या दहा सेकंदांत साठवलेलं असतं. डिझायनरचं नावही बऱ्याचदा कुठे नोंदलेलं नसतं. काम उरलं तर निदान तेवढा पुरावा तरी राहतो.

आज हे काम करताहेत ती सामान्य माणसं. कुणी जुन्या बाजारातून पन्नास पेन्सची कॅसेट घेतं, कुणी आईच्या माळ्यावरचा खोका उतरवतं, जुना व्हीसीआर दुरुस्त करतं आणि पहिल्या सेकंदापासून सगळं उतरवून ठेवतं. पगार नाही, नाव नाही.

आपल्या घरातल्या कॅसेटचं काय?

एक मजेशीर गोष्ट. भारतात आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे पाल पद्धत होती. त्यामुळे लंडनच्या काकांनी किंवा मावशीने आणलेली कॅसेट पुण्या-मुंबईच्या व्हीसीआरवर व्यवस्थित चालायची. अमेरिकेहून आलेली कॅसेट मात्र चालायची नाही, कारण तिथे एनटीएससी पद्धत. म्हणजे आपल्याकडच्याही एखाद्या माळ्यावर हे ब्रिटिश लोगो धूळ खात पडलेले असू शकतात!

आणि ब्रिटिश कॅसेट नसली तरी लग्नाची, मुंजीची, बारशाची कॅसेट असेलच. तिचीही गत हीच आहे. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा :

• कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, दमट जागी किंवा उन्हात नको.
• पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका. कॅसेट तर खराब होईलच, पण मशीनचं हेडही जाईल आणि तिथून बुरशी दुसऱ्या कॅसेटना लागेल.
• 'चालते का बघू' म्हणून पुन्हा पुन्हा पुढे-मागे करू नका. एकदाच वाजवा आणि त्याच वेळी डिजिटल प्रत करून घ्या.
• दुकानात देताना सांगा, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सगळं हवंय. मुंग्या, रेघा, स्टुडिओवाल्याचं नाव, सगळं!

कारण लग्नाच्या कॅसेटलाही सुरुवात असतेच की. फिरत येणारा गणपती, फुलांच्या वर्षावातून उमटणारी वधू-वरांची नावं आणि खाली गावातल्या व्हिडिओ शूटिंगवाल्याचा पत्ता. तेव्हा आपण तो भाग पळवून पुढे न्यायचो. तो शूटिंगवाला कदाचित आज नसेल, त्याचं दुकानही नसेल. त्याच्या कामावर त्याची सही आहे ती फक्त तिथेच.

तुमच्या घरी अशी एखादी कॅसेट आहे का? तिच्या सुरुवातीला काय दिसतं? कमेंटमध्ये नक्की सांगा, आणि ज्यांच्या माळ्यावर खोका पडून आहे त्यांच्यापर्यंत हा लेख पोहोचवा.